हलक्या भिंतींचा भक्कम आधार : रूथताई साळवे

रूथताई साळवे यांची माझी पहिली भेट पाथर्डीच्या एसटी स्थानकावर झाली. त्या स्थापत्य अभियंता. आमचे वसतिगृह पाहायला आल्या होत्या. बगलेत उशीएवढा पांढरट ठोकळा होता. मी तो घ्यायला धावलो, तर म्हणाल्या, "असू द्या सर, दिसतो तेवढा जड नाही."

ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या त्या वसतिगृहाचा मी अधीक्षक होतो. जागा अपुरी होती. वर मजला चढवला नाही, तर दसऱ्यानंतर कितीतरी मुली शाळा सोडून आईबापांबरोबर फडात जाणार होत्या. आणि विटांच्या भिंतींचा भार खालचे जुने खांब पेलणार नाहीत, असे जाणकारांनी सांगून टाकले होते.

रूथताईंनी खांब तपासले आणि पालकांना बोलावले. ठोकळ्याची बारीक छिद्रे न्याहाळत भीमाबाई म्हणाल्या, "ह्यो तर पावावानी हाय! ह्याच्या भिंतीआड माझी पोर निजवू व्हय?"

ताईंनी ठोकळा हौदात सोडला. तो तरंगला! "सिमेंटचाच आहे, मावशी. पोटात हवा आहे म्हणून हलका. लोखंडी सांगाडा, वर पत्रा आणि या भिंती, एवढं खांबांना झेपेल." मग ठोकळा बाहेर काढून त्यांनी भीमाबाईंनाच त्यावर उभे केले. "न्हाई की फुटला!" बाई ओरडल्या आणि हशा पिकला.

काम सुरू झाले. गवंड्याने न्हाणीघरही त्याच ठोकळ्यांचे उचलले, तेव्हा ताईंनी ती भिंत उतरवायला लावली. "हा पाणी पितो. इथं भाजकी वीटच हवी." स्वतःच्या आवडत्या वस्तूचा दोष इतक्या मोकळेपणाने सांगणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

दसऱ्याआधी मजला उभा राहिला. दसरा झाला, ऊसतोड कामगारांचे ट्रक भरून निघाले. आमच्या मुली मात्र वर्गात होत्या. त्या नाताळला ताई घरच्या करंज्या घेऊन आल्या. भीमाबाईंच्या सोनालीला त्यांनी फडातल्या आईशी फोन जोडून दिला. "आये, हितं लई उबदार हाय," सोनाली सांगत होती आणि ताई तोंड फिरवून डोळे टिपत होत्या. तीच सोनाली आज राहुरीला शेतीची पदवी घेते आहे.

रूथताई साठ वर्षांच्या झाल्या, यावर त्यांच्या गवंड्यांचा विश्वास नाही. सध्या पुणतांब्याला एका दवाखान्याचे बांधकाम त्या पाहत आहेत. त्यांचे गुडघे, नजर आणि आवाज शंभरीपर्यंत असेच ठणठणीत राहोत. आवाज तर नक्कीच. तिसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याला तो अजून खालूनच कामाला लावतो!