वहिनींचं हॉस्पिटल

बहारीनमध्ये त्या काळी जेवढे म्हणून सर्जन होते, त्या सगळ्यांनी मिळून केली नसतील एवढी ऑपरेशनं आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकट्यांनी केली, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. फरक एवढाच, की त्यांनी ती सगळी टीव्हीसमोर सतरंजीवर बसून केली. ऐंशीनंतरची ती वर्षं. मनामाच्या बाजारामागे आमची जुनी बिल्डिंग, पहिल्या मजल्यावर वहिनी, दुसऱ्यावर आम्ही आणि गच्चीला लागून रत्नागिरीचे चाचा. चाचा एका कंपनीत क्लार्क होते. रंगीत टीव्ही बिल्डिंगमध्ये एकच, तो वहिनींचा. आणि दर मंगळवारी संध्याकाळी इंग्रजी चॅनलवर विलायतेच्या एका इस्पितळाची मालिका लागायची. तिचं खरं नाव आम्हां बायकांपैकी कोणाच्या जिभेवर कधी बसलंच नाही. आम्ही तिला सरळ ‘हॉस्पिटल’ म्हणायचो.

हॉस्पिटल सुरू होण्याआधी वहिनी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायच्या, केसांचा घट्ट अंबाडा बांधायच्या आणि आम्हां सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावायच्या. खोकायचं नाही, शिंकायचं तर दूरच. एकदा मी शेंगदाणे खात बसले, तर माझ्या हातातली वाटी काढून घेऊन म्हणाल्या, “ताई, समोर माणसाचं पोट उघडं पडलंय आणि तुम्ही सालं कसली फुंकताय!” चित्र हलायला लागलं की गच्चीवर चाचा अँटेना फिरवायचे आणि वरूनच ओरडून विचारायचे, “आली काय गोरी सिस्टर?” खालून वहिनी ओरडायच्या, “सिस्टर आली, टकल्याचं डोकं नाही आलं! अजून जरा सित्र्याकडे फिरवा!” टकल्या म्हणजे तिथला मोठा डॉक्टर. गुहागरला वहिनींचा एक धाकटा दीर होता, त्याच्यासारखा हा दिसतो म्हणून त्याला त्या हक्काने एकेरीत झापायच्या.

वहिनींचं इंग्रजी म्हणजे भाजी, टॅक्सी आणि व्हिसा एवढ्यापुरतं. पण हॉस्पिटलमधलं प्रत्येक वाक्य आम्हांला मराठीत सांगायचा मक्ता त्यांचाच. टकल्या उशिरा आला की त्या सांगायच्या, “घरी आई अंथरुणाला खिळलीय त्याची. भावजय बघत नाही.” आमची लेक मनू इंग्रजी शाळेतली. ती म्हणायची, “आंटी, ही ओन्ली सेड सॉरी.” वहिनी तिच्याकडे दयेने बघायच्या. “तू शब्द ऐकतेस बाळा. त्याचे डोळे बघ.” आणि खरं सांगू, आम्हांला वहिनींचंच हॉस्पिटल जास्त आवडायचं. मनूच्या हॉस्पिटलात सगळे नुसते सॉरी आणि थँक्यू म्हणत फिरायचे.

हे ज्ञान त्या घरातही वापरायच्या. भावजी, म्हणजे वहिनींचे यजमान, सित्र्याच्या बेटावर रिफायनरीत. रात्रपाळी करून कंपनीच्या बसने यायचे आणि सकाळी आडवे व्हायचे. लगेच वहिनी बॅटरी घेऊन त्यांच्या पापण्या वर करून बघायच्या. भावजी कळवळून म्हणायचे, “अगो, मेलो असतो तर घोरलो असतो काय?” वहिनी शांतपणे बॅटरी विझवायच्या. “तेच तपासत होते.”

तर अशा या वहिनींच्या पोटात एके दिवशी खरीच कळ आली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं, थांबलात तर जिवावर बेतेल म्हणाले. आणि नेमकं त्याच आठवड्यात मंगळवारी टीव्हीवरच्या हॉस्पिटलमध्ये एक लठ्ठशी बाई पोट धरून आली. तिच्या हातात पिशवी होती, म्हणून वहिनींनी तिला भाजीवाली ठरवून टाकलं. खड्यांचंच दुखणं, हे या वेळी मनूनेसुद्धा कबूल केलं. भाजीवालीला ढकलगाडीवरून आत नेलं, दारं मिटली, आणि भाग संपला. मग निवेदिका आली आणि गोड हसून म्हणाली की रमजान सुरू होतोय, तेव्हा पुढचा भाग आता ईदनंतर.

वहिनी उठल्या, टीव्हीवर कपडा टाकला आणि म्हणाल्या, “तिचं काय होतंय ते बघते. मग माझं.”

आम्हांला आधी गंमत वाटली. पण वहिनी हटेनात. कळ आली की भिंतीला टेकून बसायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि विचारलं की म्हणायच्या, “काही नाही, गॅस.” एका दुपारी भावजी आमच्याकडे आले. दिवसपाळी बुडवून. दारातच उभे राहिले. “ताई, ती माझं ऐकत नाही. त्या भाजीवालीला तुम्हीच कोणीतरी वाचवा हो.”

मला चाचा आठवले. त्यांची बहीण लंडनला. तिकडे ही मालिका कधीच दाखवून झाली असणार. मी म्हटलं, “चाचा, एवढंच सांगा वहिनींना, की बहिणीने पाहिलंय, बाई वाचली.” चाचांनी दोन्ही हात जोडले. “ताई, रोजा हाय माझा. खोटं बोलायला लावू नका. मी खराच फोन लावतो.” आणि त्या भल्या माणसाने खरंच टेलिफोन ऑफिसात रांग लावून लंडनला ट्रंककॉल केला. परत आले ते तोंड पाडून. जिन्यात बसले आणि म्हणाले, “खलास ताई. टेबलावरच गेली.”

मग काय करणार? मीच खाली गेले. म्हटलं, वहिनी, चाचांच्या बहिणीने सांगितलं, भाजीवाली ठणठणीत आहे. नुसती वाचली नाही, तिने पुन्हा दुकान उघडलं. भावजी म्हणाले, दुकान मोठंही केलं. मनूला तयार करून नेलं होतं, ती म्हणाली, “येस आंटी, व्हेरी बिग शॉप.” वहिनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. बॅग भरा.”

ऑपरेशन नीट झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरला त्यांनी आधी हात धुवून यायला लावलं, असं भावजी सांगत होते. खडे बाटलीत घालून घरी आणले आणि टीव्हीवर ठेवले.

ईदनंतरचा मंगळवार आला. टीव्ही बिघडवावा असं भावजींना मी सुचवलं, पण त्यांचा हात धजावला नाही. अँटेना मुद्दाम उलटी फिरवा म्हणून चाचांना सांगितलं, तर तेही त्यांना खोटंच वाटलं. शेवटी आम्ही सगळे सतरंजीवर श्वास रोखून बसलो. दारं उघडली. टकल्या बाहेर आला, त्याने टोपी काढली, आणि मान हलवली.

वहिनींनी पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आदल्या दिवशी चोरून काहीतरी खाल्लं असणार तिने.” मग माझ्याकडे वळल्या. “ताई, अहो, मला ठाऊक होतं. त्या दिवशी चाचा जिना उतरत होते आणि मला बघून उलटे गच्चीवर पळाले. तो माणूस खोटं बोलायचा नाही. चांगली बातमी असती तर वरूनच ओरडला असता.”

“मग गेलात कशा ऑपरेशनला?”

“तुम्ही त्या मेलेल्या बाईला दुकान काढून दिलंत,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, एवढी माणसं एवढं वाईट खोटं बोलतायत माझ्यासाठी, तर जाऊन यावं.” आणि उठून सगळ्यांना शिरा वाढायला गेल्या.

पुढे भावजींची नोकरी संपली, ती दोघं गुहागरला परतली, आम्ही पुण्याला आलो. वहिनींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन निघालं. मनू आता मोठी बाई झालीय, तिने डॉक्टरांशी बोलून मला सगळं नीट, खरं खरं समजावून सांगितलं. काय काय होऊ शकतं तेसुद्धा. मी मान डोलावली. मग मला ढकलगाडीवरून आत नेताना तिला हळूच विचारलं, “मनू, त्या भाजीवालीचं दुकान कसं चाललंय गं?”

पोरगी माझ्याकडे वाकली. मग माझा हात घट्ट धरून चक्क मराठीत म्हणाली, “छान चाललंय आई. शेजारचा गाळाही घेतला तिने.”

मग मी निवांत डोळे मिटले.