फितुराची ओळ

आप्पा इतिहास असा सांगत, की जणू तो आत्ता आपल्या परसात चालला आहे. जेवताना आमटीची वाटी हातात धरून म्हणत, "गडावर दाणा उरला नाही," आणि आम्हाला पुढचा घास जड व्हायचा. आप्पा म्हणजे तुमच्या आजोबांचे, माझ्या यजमानांचे, धाकटे काका. साताऱ्यात आमच्याच घरी राहत. त्यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत. सांगलीच्या व्याख्यानमालेत ते बोलणार असले की लोक मांडवाबाहेर उभे राहून ऐकत.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे. कुठे पुरावा विचारला की म्हणत, "सूनबाई, गोष्टीला माणूस लागतो. कोणीतरी दरवाजा उघडला असं लिहिलं, तर वाचक तिथेच पुस्तक मिटतो."

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात शत्रूला गडाचा चोरदरवाजा उघडून देणारा एक माणूस आहे. एकाच ओळीत त्याचं नाव, आडनाव, गाव, सगळं आहे.

मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी त्याच गावचे, त्याच आडनावाचे एक निवृत्त सुभेदार आमच्याकडे आले. पिशवीत ते पुस्तक होतं.

"आवं आप्पा, पुस्तक लय चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरीनंच वाचून दावलं. फकस्त एवढं सांगा, आमच्या मानसानं दार उघाडलं, ह्ये तुमास्नी कुनी सांगितलं?"

सुभेदारांच्या त्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. फितुराच्या घरातली मुलगी नको, असा वरपक्षाचा निरोप होता. तेही आप्पांचे वाचकच.

आप्पा म्हणाले, "कुणी नाही. जुन्या कागदात नुसतं नाव सापडलं. बाकीचं मी लिहिलं."

सुभेदारांनी मान हलवली. चहा तसाच ठेवून ते गेले.

मग आप्पा त्या गावी गेले. मी बरोबर होते. देवळासमोर उभं राहून त्यांनी हेच सांगितलं, पण त्यांचा आवाज पुढे बसलेल्यांपर्यंतही नीट पोहोचत नव्हता. कुणी रागावलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "हितं सांगितलंसा, बरं झालं. पर पुस्तक गावोगाव गेलं, तितं कोन सांगनार?"

पुढच्या आवृत्तीत त्या फितुरीची ओळ नव्हती. आप्पांनी नवं काही लिहिलं नाही. कुणी जुनी प्रत सहीसाठी आणली की आधी ते पान उघडत, ओळ खोडत, मग सही करत.

शेवटच्या आजारात मिरजेच्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी आपली प्रत आणली. आप्पांच्या हाताला सलाईन होतं. त्यांनी डोळ्यांनीच माझ्याकडे खूण केली. ओळ मी खोडली. सही राहून गेली.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. मी त्यांचा चष्मा, धोतरं, तांब्या, सगळं पिशवीत नीट भरलं.

त्या मुलीचं लग्न झालं नाही, एवढंच पुढे कानावर आलं.

तुमच्या बाबांनी तुमच्या घरी नेलेली प्रत पहिल्या आवृत्तीची आहे. कपाटातून काढा. चोरदरवाजाच्या प्रकरणात ती ओळ सापडेल. शाईने खोडा, पेन्सिलीने नको.