दिल्लीच्या साहेबाला अडवणारे जमादार

आमचे जमादार साहेबाला सलाम ठोकतानासुद्धा त्याच्याकडे संशयानेच बघत. मी तेव्हा पोलादपूरच्या ठाण्यात नवा शिपाई होतो. मला म्हणत, "सलाम टोपीला रे. माणसाचं मागनं बघू."

चहा घेऊन येणाऱ्याला ते आधी घोटभर प्यायला लावीत. त्यांची बायको आजारी आईला बघायला नाते गावी माहेरी गेली, तरी सासूबाई खरंच आजारी हाय का, हे बघायला माणूस धाडत. आम्ही पाठीमागे हसायचो.

एका उन्हाळ्यात जीपमधून एक रुबाबदार साहेब उतरले. साऱ्या देशासाठी दिल्लीहून एकच नवं पोलीस दल उभं राहतंय, त्याच्या भरतीला आलोय, म्हणाले. आमच्या फौजदारांनी स्वतःची खुर्ची दिली. वाड्यांवरची पोरं धावत आली. वरंधहून माझा धाकटा भाऊ सखारामही आला. मुंबईच्या गिरणीपेक्षा हे बरं, असं आईला वाटलं.

पोरांना ट्रेनिंगला नेणारा ट्रक निघताना जमादार आडवे उभे राहिले.

"साहेब, तुमच्या दलात कोनावर कोन, ते जरा सांगा."

साहेबांनी धडाधड सांगितलं. शिपायापासून चार विभागांच्या चार प्रमुखांपर्यंत.

"आनि तुमी चुकलात, तर तुमाला सस्पेंड कोन करनार?"

"मला?" साहेब हसले. "मला कोण सस्पेंड करणार!"

"मंग तुमी पोलीस नाय. उतरा रे पोरांनो खाली!"

"जमादार, बाजूला व्हा! हुकूम आहे माझा," फौजदार ओरडले.

जमादार हलले नाहीत. "अलिबागला जिल्ह्याच्या साहेबांना फोन करून विचारा. तवर साहेबांना बसवा."

फोनचं नाव निघताच साहेब जीपकडे वळले, आणि जीप महाडच्या दिशेने सुटली ती कायमची. दम दिल्यावर ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं : पोरांना परमुलखात जंगलतोडीला जुंपायचं होतं. तिथून आजवर कुणी परत आलं नव्हतं.

फौजदारांचा पाणउतारा झाला होता. पावसाळ्याआधीच जमादारांची बदली झाली, आणि तीही पार दूर.

त्यांची ट्रंक सखारामने एसटीवर चढवली. "जमादार, खऱ्या भरतीला जाऊ का?"

त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जा. चोराला अडवायला ते शिकवतील. साहेबाला अडवायला कोन शिकवनार नाय. ते तुझं तू शिक."

सखाराम भरती झाला. नोकरीभर त्याच्या बदल्या होत राहिल्या. का, ते आम्ही घरात कधी विचारलं नाही.