खरखर थांबवणारा माणूस

गोष्टवाले भाऊ कादंबरी आधी लिहायचे नाहीत, आधी सांगायचे. तेही पेणच्या रामवाडीतल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात, मूर्ती घासणाऱ्या बायकांना. रोह्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून जिते गावी घरी जाताना ते मध्येच पेणला उतरत, उलट्या बादलीवर बसत आणि सुरू करत. पॉलिश पेपरची खरखर थांबली की तो भाग पुस्तकात जायचा. पुन्हा सुरू झाली की तो बाद.

"लिहिताना फसवता येतं रे," ते मला म्हणत. "या बायांना नाय फसवता येत."

कारखाना माझा, त्यामुळे हात थांबले की नुकसान माझं. मी कुरकुर करायचो. पण खरं दुखणं वेगळं होतं. मीही लिहितो. दिवाळी अंकांत दोन कथा आल्या आहेत. एकदा भाऊंच्या आग्रहावरून मी एक कथा बायकांना वाचून दाखवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखर एका लयीत चालू होती. संपल्यावर यशोदाबाई समजुतीने म्हणाली, "शेट, आवाज मातर चांगला हाय तुमचा."

भाऊ हसले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

मिठागरावरची त्यांची पहिली कादंबरी गाजली, कॉलेजात लागली. दुसरीला मोठा पुरस्कार मिळाला. समारंभाला ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिफ्टला हजर. बातमी आली तेव्हा कारखान्यात पेढे मीच वाटले, तेही जरा मोठ्याने बोलत. भाऊंनी पेढा हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "तुला त्रास होतो ना रे?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच!" ते म्हणाले, "होऊ दे. मलाही झाला असता." एवढ्या सहज माफ करणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार अवघड जातं. तरी मी तो केला.

गेल्या वर्षी शिफ्टवरून परतताना ते गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्यांचं नवं पुस्तक येणार नाही. रडू त्यानंतर आलं. हा क्रम मला बदलता येत नाही.

नवी कादंबरी अर्धीच सांगून झाली होती. खाडीचं पाणी नायिकेच्या, हौसाच्या शेतात शिरतं, ते घालवायला ती मधला बांध फोडते आणि नणंदेचं शेत खारं होऊन जातं. हे फक्त हौसालाच ठाऊक. सीझन सुरू झाला तशी यशोदाबाईने विचारलं, "शेट, नणंदेला कललं का वो? तुमाला सांगितलं असंल त्यांनी."

सांगितलं होतं. रोहा स्टेशनच्या बाकावर, फक्त मला. पण माझ्याकडे माझाही एक शेवट तयार होता. तो मी भाऊंच्या नावावर खपवला असता तर कुणाला कळणार होतं? आणि निदान एकदा तरी माझ्या शब्दांनी ते हात थांबले असते.

मी बादली उलटी केली, बसलो. तोंड उघडलं आणि भाऊंचाच शेवट सांगितला. नणंदेला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. ती दर वर्षी हौसाच्या शेतात कापणीला येते आणि जाताना न विचारता भाताचा एक भारा डोक्यावर घेऊन निघते. हौसा नुसती बघते. दोघी कधीच काही बोलत नाहीत.

कारखान्यातली खरखर थांबली होती. यशोदाबाईने पदराने नाक पुसलं.

"भाऊंचाच हाय हा," ती म्हणाली. "तुमी असतंव तर दोघींना गल्यात गला घालून रडवलं असतं."

बायका हसल्या. मीही हसलो. माझा शेवट नेमका तोच होता.