दसऱ्याला पुजलेली भाड्याची सायकल

परभणीत मोबाईलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात खूश झाली माझी मुलगी. रस्त्यात दिसेल त्या सायकलीचा कोड स्कॅन करायचा, जायचं आणि काम झालं की तिथंच सोडायची. कंपनीनं गल्लोगल्ली सायकली आणून सोडल्या. त्या सांभाळायला माणूस ठेवायचं मात्र राहून गेलं.

दसऱ्याला तशीच एक आमच्या फाटकाशी उभी होती. स्कूटरची पूजा आटोपून मी उठलो आणि मनात आलं, दुसऱ्या दिवशी पोरीची कृषी विद्यापीठात नोकरीची मुलाखत, तिला नेणारी ही बिचारी कोरडीच? मग सायकल धुतली, झेंडूचा हार घातला आणि तेलात कालवलेल्या कुंकवानं हँडलवरच्या पाटीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. आयुष्यात इतकं सुबक मला काहीच जमलं नव्हतं.

संध्याकाळी सणाला आलेले मेहुणे आमची स्कूटर घेऊन पोखर्णीला दर्शनाला गेले, ते तिथंच मुक्कामी राहिले.

सकाळी मुलगी मोबाईल धरून सायकलीपुढं उभी.

"बाबा, कोड कुठाय?"

कोड स्वस्तिकाखाली. त्याच्या खालचा नंबरही.

मी ओल्या फडक्यानं पुसलं, तर अख्खी पाटी लाल झाली. मग नाण्यानं खरवडायला लागलो.

"अहो, घासू नका! निघायलाय सगळं!" बायको ओट्यावरून ओरडली.

निघालंच. अर्धा कोड माझ्या नखात आला.

मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली. "सर, आधी सायकलीचा कोड स्कॅन करा."

"ताई, तोच तर पुसला."

"मग नंबर सांगा, सर."

मोबाईलवर जवळच दुसरी सायकल दिसत होती. पळत गेलो. ती कुणीतरी कुलूपबंद फाटकाच्या आत उभी केलेली. तिसरी नाल्यात, सीटशिवाय. कोपऱ्यावर रिक्षाही नव्हती. धापा टाकत परत आलो, तोवर मुलगी फाईल छातीशी धरून पायी निघून गेली होती.

ती पोचली तोवर तिचं नाव पुकारून झालं होतं म्हणे. तिची वाट बघून पुढच्याला आत घेतलं, मग तिला घेतलंच नाही.

दुपारी ती पायऱ्यांवर बसून चपलेचा पट्टा सोडत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मीच म्हणालो, "तिथल्या साहेबांना जाऊन भेटू का? चूक माझी हाय म्हणून सांगतो."

"नको, बाबा," ती खाली बघतच म्हणाली. "तुमी आता काहीच करू नका."

एवढं एक काम मला नीट जमलं. काहीच केलं नाही. तिच्या शेजारी बसून राहिलो.