एकशे बारावी फ्रेम

सदाशिव काल सकाळी गेला.

आणि वीस वर्षं मी लोकांना जे सांगत आले, ते खोटं आहे.

आमच्या स्टुडिओचं पहिलं दमदार मशीन मी निवडलं नव्हतं. त्यानं निवडलं. तेही मी त्याला चारचौघांत गप्प बसवल्यावर.

दोन हजार दोन-तीनची गोष्ट. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत आमचा स्टुडिओ होता. लग्नाच्या कॅसेटींची टायटलं करायचो. अचानक एका सिनेमाचं काम मिळालं. पंचगंगेचा पूर देवळात शिरतो, असा प्रसंग. खरं पाणी नाही, सगळं कॉम्प्युटरवर बनवायचं.

निर्माता सरळ माणूस. म्हणाला, "मॅडम, शनिवारी एक शॉट पुरा दाखवा. नाहीतर सगळं काम मुंबईला देतो."

आमचं जुनं मशीन त्या शॉटच्या एकशे अकरा फ्रेम, म्हणजे एकामागची एक चित्रं, नीट काढायचं. एकशे बारावीला पाणी पायऱ्या चढून गाभाऱ्याकडे वळायचं आणि मशीन मान टाकायचं.
दर वेळी. तिथंच.

मंगळवारी आम्ही नवं मशीन घ्यायला राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर डीलरकडे गेलो. मी आणि सदाशिव.

मी फिजिक्सची पदवीधर. इंग्रजी ब्रोशर मी आदल्या दिवशी दोनदा वाचलं होतं, ओळींखाली खुणाही केल्या होत्या.
सदाशिव मुरगूडचा, दहावी पास. वडील बैलांचा व्यापार करायचे. हा आधी बोर्ड रंगवायचा, मग माझ्याकडे आला आणि बघून बघून कॉम्प्युटर शिकला. पाणी कसं वळतं, ते त्याच्याइतकं मला कधीच कळलं नाही.

डीलरनं डेमो लावला. काचेचा महाल गरागरा फिरत होता. कुठं अडकणं नाही, थरथरणं नाही.
"सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड आहे, मॅडम. पुण्यात हेच चालतं."

त्यानं ऑर्डरचा कागद पुढं केला. मी पेन काढलं.

"अक्का, सही करू नगा."
सदाशिवनं डब्याच्या पिशवीतून अकरा सीड्या काढल्या. आमचा पुराचा शॉट. "ह्यो लावून बगू की."

डीलर हसला. "पावणं, अहो, एवढं मोठं मशीन. त्याला तुमचं पाणी म्हणजे काय?"

"आमचा आबा बैल घ्यायच्या आदी भरलेली गाडी जोडायचा. रिकाम्या गाडीला कुठलाबी बैल पळतोय."

दुकानातली सगळी हसली. मला लाज वाटली. त्याची.
मी म्हटलं, "सदा, ही बैलं नाहीत. गप्प बस."

तो गप्प बसला.
पण सीड्या काउंटरवरून उचलल्या नाहीत.

त्या सीड्यांकडे बघत मी पेन परत ठेवलं. विश्वास ठेवला म्हणून नाही. शनिवारची भीती होती म्हणून.

सव्वाअकराला शॉट सुरू झाला. फ्रेमला दोन मिनिटं.

डीलर वैतागला. "एवढंच असेल तर शंभरपासून चालवा की."
सदाशिव माझ्याकडे बघून म्हणाला, डीलरकडे नाही, "पाणी पयल्यापासनं साठत येतंय. मधनं न्हाय चालू हुत."

जेवायची वेळ झाली. डीलर घरी जाऊन आला. आम्ही हललो नाही. सदाशिवनं डबा उघडला, पुढं सरकवला. मी नको म्हटलं. त्यानंही झाकण लावून टाकलं.

नव्वद. शंभर. एकशे पाच.
डीलरनं कागद पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला. "बघा. म्हटलं नव्हतं?"

एकशे दहा. एकशे अकरा.

एकशे बाराला पडदा गोठला. माउस हलेना. मग मेमरी संपल्याची पाटी आली.

कुणी हसलं नाही.

डीलर म्हणाला, जास्तीची मेमरी मागवतो, पंधरा दिवस लागतील. माझ्याकडे चार होते.
सदाशिव उठून दुकानात फिरत होता. कोपऱ्यात एक मळकट, बोजड खोक्यासारखं मशीन पडलं होतं. कुणीतरी मागवून न नेलेलं. ग्राफिक्स कार्ड साधं. त्यानं झाकण उघडून आत बघितलं.

"अक्का, हेच्यात मेमरी चौपट हाय. कार्ड नुसतं दाखवायला. पाणी गिळायला हेच लागणार."

"उद्या पुन्हा लावून बघू," मी म्हटलं.
"व्हय. बगायचंच."

बुधवारी ते खोकं एकशे बारावी फ्रेम ओलांडून गेलं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, पण थांबलं नाही. शनिवारी निर्मात्यानं शॉट दोनदा बघितला आणि उरलेले सगळे आमच्याकडेच ठेवले. त्यावर आमचा स्टुडिओ उभा आहे.

नंतर लोक विचारायचे, मशीन कसं निवडलंत? मी सांगायचे, "मी दुकानातच टेस्ट घेतली."
एकदा एका कॉलेजात भाषणात हेच सांगितलं. सदाशिव मागच्या रांगेत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "झ्याक सांगितलासा, अक्का."
टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. तरी मी दुरुस्त केलं नाही.

काल मुरगूडला जाऊन आले. त्याच्या बायकोला हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "तुमच्या त्या पयल्या मशीनचं लई सांगायचे. म्हणायचे, अक्कानं माझं ऐकलं."

मी तिथंही काही बोलू शकले नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

आज ऑफिसात नवं मशीन आलं. सदाशिव गेला म्हणून आजचं काम रद्द केलं नाही, त्याला ते आवडलं नसतं. विक्रेत्याचा डेमो झाला. छान होता.
मी म्हटलं, "आधी आमचा पूर लावा."
तो शॉट अजून आहे. दर नव्या मशीनला सदाशिव त्यात पाणी वाढवून ठेवायचा.

खुर्ची ओढून बसले. शेजारची रिकामी ठेवली.

एकशे बारावी पार झाली.
मग सही केली.

सदाशिव, ती निवड तुझी होती. सगळ्यांसमोर गप्प बसवलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते.
तुला माझा शेवटचा नमस्कार.