शिरस्तेदारांची पगडी आणि माझा गळ

मी खाडीकाठची मुलगी. दात आले तेव्हापासून ताजी मासळी खाल्लेली. आणि मला दिली कुठे, तर जव्हारला! संस्थानची कचेरी, ह्यांची कारकुनी, डोंगरमाथ्यावरची थंड हवा, सगळं उत्तम. ताटात मात्र बाजारच्या दिवशी आणलेले सुके बोंबील, ते पुढच्या बाजारापर्यंत तेच. "हवा काय सुरेख आहे नाही इथली!" असं हे जेवताना म्हणत. हवा काय भाताशी कालवून खायची?

एकदा एक गोरा साहेब संस्थानात शिकारीला आला. त्याच्या तंबूची व्यवस्था ह्यांच्याकडे होती. जाताना तो खूश होऊन ह्यांना एक लांब लवचिक काठी, दोऱ्याची फिरकी आणि एक डबी देऊन गेला. डबीत बारीक गळ होते आणि प्रत्येक गळाला पिसं बांधून माशी केलेली होती. गांडूळ नको, कणीक नको. ती खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवायची, की मासा खरी समजून झडप घालतो. ह्यांनी काय करावं? काठी भिंतीवर टांगली आणि येईल त्याला दाखवत बसले. नदीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

म्हटलं, मेलं ह्या काठीचं काय लोणचं घालायचंय? एक दिवस धुण्याच्या गाठोड्याबरोबर ती उचलली आणि उतरण उतरून नदीवर गेले. पहिला गळ माझ्याच पदरात अडकला. दुसरा ह्यांच्या वाळत घातलेल्या धोतरात. तिसरा उंबरावर, तो तिथेच राहिला. मग लक्षात आलं की ह्यात दंडाचं काम नाहीच, सगळं मनगटात आहे. सुपात तांदूळ पाखडताना मनगट फिरतं ना, अगदी तसं. आणि ते तर माझं जन्माचं काम! माशी पाण्यावर बसली, पाणी फुटलं, दोरी ताणली गेली आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की पलीकडे चरणारी गुरं उधळली.

त्या रात्री हे बोटं चाटून जेवले. भिंतीवरच्या ओल्या काठीकडे पाहिलं, मासे आले कुठून, हे मात्र विचारलं नाही. वाटीभर कालवण कचेरीतल्या वरिष्ठांकडे, शिरस्तेदारांकडे, पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत ठोकून दिलं, "सहज गेलो होतो नदीवर. साहेबाच्या काठीने धरले." माझ्या कानावर आलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पण गप्प बसले. कारकुनाची बायको नदीवर काठी फिरवते असं गावात झालं असतं, तर माझी नदी बंद झाली असती. आणि ती मला बंद होऊ द्यायची नव्हती. तिथे कुणी मला हाक मारत नसे, कुणी पाणी मागत नसे. इतक्या खुशीत मी माहेरीही नव्हते.

पुढे डबीतल्या माश्या झिजल्या. नदीकाठच्या पाड्यावरच्या बायकांना मी म्हटलं, लाल कोंबड्याच्या मानेची पिसं द्या गं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. लाल कोंबड्याच्या मानेची पिसं मागणारा त्यांच्याकडे एकच असतो, भगत, म्हणजे भूतबाधा उतरवणारा. त्यात मी ती पिसं नदीत फेकते, एकटक पाण्याकडे पाहते, ओठ हलवते! (ओठ हलायचे ते सुटलेल्या माशाला शिव्या देताना.) झालं. एकीने चारा सोडलेलं वासरू आणून पुढ्यात उभं केलं. मी शपथेवर सांगितलं, "बायांनो, मी मासे धरते, मासे!" त्या समजूतदारपणे हसल्या. "व्हय बाय, मासंच." आणि माझं नशीब असं, की ते वासरू संध्याकाळी चरायला लागलं.

मग शिरस्तेदार उठले. हा गृहस्थ महातापट. कचेरी त्यांच्या खोकल्यालाही घाबरे. अर्धशिशी होती त्यांना बारमाही, आणि मासळीचं वेड त्याहून जास्त. ह्यांना म्हणाले, "रविवारी येतो नदीवर. बघू तुमची कला."

हे घरी आले ते पांढरेफटक पडून. "अगं, मला शिकव." अंगणात सराव सुरू झाला. तुळशीचा शेंडा उडाला, शेजारणीची पापडांची चटई ओढली गेली. मनगट कसं ते वळेना!

रविवारी मी मुद्दाम धुणं घेऊन आधीच खडकावर जाऊन बसले. पाड्यावरच्या बायकाही पाण्याला आल्या होत्या. ह्यांनी काठी मागे नेली, गळ मागे उभ्या असलेल्या शिरस्तेदारांच्या पगडीत गुंतला. काठी तशीच पुढे झटकली. पगडी डोक्यावरून उडून थेट नदीच्या मध्यावर! गळ सुटला आणि पगडी डुलत धारेला लागली. पुढे धबधबा.

"माझी पगडी!" शिरस्तेदार टकलावर हात ठेवून ओरडले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले तर सगळं उघडं पडणार होतं, नदी जाणार होती. खरं सांगते, नवऱ्याची दया नंतर आली. आधी आला तो राग. असली फेक! मला बघवेना. पदर खोचला, काठी हिसकावली, एकदाच मनगट फिरवलं. गळ पगडीत बसला. ओढून आणली काठाला.

शिरस्तेदारांचा चेहरा लाल होत चालला. "म्हणजे ते मासे..." एवढ्यात पाड्यावरची एक म्हातारी पुढे आली, हात जोडून ओरडली, "उतरलं! बायनं डोक्यावरचं भूत उतरवलं!" आणि सगळ्या बायका माझ्या पाया पडायला लागल्या. आता एवढ्या बायकांपुढे ओरडायचं तरी कुणावर? शिरस्तेदारांनी कपाळ चाचपलं. म्हणाले, "ठणका कमी वाटतो खरा." पगडी हातात घेताच मला कळलं होतं, ती त्यांच्या डोक्याला लहान होती, ठणका त्या आवळण्याचाच. पण मी कशाला बोलू?

निघताना मात्र ते ह्यांना म्हणालेच, "घरच्या माणसांना नदीवर पाठवणं शोभत नाही."

घरी आल्यावर ह्यांनी काठी पुन्हा भिंतीवर टांगली. "झालं तेवढं पुरे," म्हणाले.

"मी उद्या जाणार," मी म्हटलं.

"आणि नोकरी गेली तर?"

"तुम्हाला कचेरीत बसायला आवडतं. मी कधी म्हटलं का, उठा म्हणून? मला नदीवर उभं राहायला आवडतं."

"आवडतं म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. आणि मला रडू फुटलं. लग्न झाल्यापासून मला काय आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. "मासा नाही लागला तरी आवडतं," एवढंच बोलता आलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले.

संध्याकाळी हे कचेरीतून आले, पाय धुतले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज सगळे विचारत होते, मासे कोण धरतं म्हणून. शिरस्तेदारही होते. सांगितलं, आमची ही धरते. मला येत नाही."

"अहो, पण आज एकही लागला नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग? आवडलं का?"